आतल्या खिडकीवरचा गोल डाग

समजा, बाळांनो, तुम्ही एका मोठ्या जहाजावर गेला आहात. डोळे मिटायची गरज नाही, मिटलेत तर पुढचं वाचाल कसं? नुसतं मनात आणा. जहाज एवढं मोठं, की नाशिकरोडच्या बिटको चौकातली निम्मी दुकानं त्याच्या पोटात मावतील. आणि खरोखरच त्याच्या पोटात एक रस्ता आहे. वर छत, खाली गालिचा, दोन्ही बाजूंना दुकानं, झाडांच्या कुंड्या, आइस्क्रीम खात हिंडणारी माणसं. दुकानांच्या वरच्या बाजूला खोल्यांच्या रांगा. त्या खोल्यांना केबिन म्हणतात. तुमची केबिन त्यातलीच एक. तुम्ही समुद्र बघायला धावत खिडकीपाशी जाता, पडदा सारता, आणि समोर समुद्र नसतोच. समोर असतो तो आतला रस्ता. जहाजातून जहाजच दिसतं.

आता सांगा, अशी खिडकी मळेल कशाने? पाऊस तिथे पोहोचत नाही. वाऱ्याबरोबर माती येत नाही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे नाहीत, कबुतरं नाहीत. मग त्या काचेवर डाग पडलाच, तर तो कुणीतरी माणसानेच पाडलेला असणार.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. ते मनीषा मॅडमचं. नाशिकरोडला एका जुन्या फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्या मुलामुलींना जहाजावरच्या कामाचं शिक्षण द्यायच्या. चादर कशी ताणायची, टॉवेलची घडी कशी घालायची, प्रवाशाशी कसं बोलायचं. तिथल्या मोठ्या हॉलमध्ये आधीच्या बॅचच्या मुलांनी प्लायवूडची एक केबिन उभी केली होती. आत पलंग, टेबल, छोटं न्हाणीघर, आणि भिंतीत एक मोठी, न उघडणारी काच. काचेबाहेर हॉल, आणि हॉलच्या भिंतींवर थर्माकोलची दुकानं रंगवलेली. म्हणजे जहाजातला रस्ताच. खऱ्या जहाजावर केबिन वरच्या मजल्यावर असते. इथे ती जमिनीवरच होती, त्यामुळे हॉलमधून जाणारा माणूस अगदी काचेसमोर यायचा.

दहा वर्षांची माहेनूर मॅडमचं ते वाक्य ऐकून होती. उन्हाळ्याची सुट्टी होती, अम्मी दिवसभर एका दवाखान्यात कामाला, अब्बू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. घरी एकटीला कसं ठेवायचं, म्हणून थोरली बहीण खुशनुमा तिला आपल्याबरोबर इथे आणायची. मॅडमनी परवानगी देताना एवढंच सांगितलं होतं, "बसू दे की. फक्त कशाला हात लावायचा नाही."

माहेनूर हात लावत नसे. पण बघत असे. आणि त्या आठवड्यात तिने जे बघितलं, त्याने तिची झोप उडाली होती.

गोष्ट अशी की एका मोठ्या जहाजासाठी मुलाखती होणार होत्या आणि संस्थेला एकच नाव पाठवायचं होतं. संस्थेचे मालक दिनेश सर म्हणाले होते, नाव मॅडमनी सुचवायचं. बॅचमध्ये दोघी पुढे होत्या, खुशनुमा आणि निकिता. खुशनुमाच्या घरी याच एका नावावर सगळं अडलं होतं. अब्बूंनी पासपोर्ट काढून दिला होता, पण काढून देताना म्हणाले होते, "या खेपेला नाव गेलं तर खुशाल जा. मी सगळ्यांना उत्तर देईन. नाही गेलं, तर मग मावशीकडे शिवणकाम शिकायचं, आणि परत जहाजाचा विषय नाही." खुशनुमाने मान हलवली होती. अब्बू बोललेलं फिरवत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

शेवटच्या आठवड्यात केबिन खुशनुमाकडे होती. नियम असा की संध्याकाळी तिने केबिन झाडूनपुसून लख्ख करायची, काच दोन्ही बाजूंनी पुसायची, दिवा बंद करायचा आणि दार ओढून घ्यायचं. कुलूप मॅडम लावणार. सकाळी कुणीही काचेजवळ जायच्या आत मॅडम केबिनमध्ये जाऊन टॉर्चने तपासणी करणार.

आणि रोज सकाळी काचेवर डाग.

गोल, तांदळाच्या पिठासारखा फिकट, करंगळीच्या नखाएवढा. कधी एक, कधी शेजारी शेजारी दोन. सरळ बघितलं तर दिसायचाही नाही. मॅडम टॉर्च काचेला टेकवून तिरपा धरत, तेव्हा तो चमकून उठायचा.

"खुशनुमा, बोट लावलंस का गं पुसल्यावर?"

"नाही मॅडम."

"मग हे काय, आपोआप उगवलं?" मागे उभी मुलं हसली. मॅडम हसल्या नाहीत. "हे बघ, तुझं काम चांगलं आहे, म्हणून सांगते. काच पुसून झाल्यावर माणूस मागे वळून बघतो, टेकतो, सहज बोट लागतं. प्रवाशाला तेवढंच दिसतं. तुझी ताणलेली चादर त्याला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी खुशनुमाने काच पुसली, हातमोजे घालून पुसली, आणि मांजरासारखी पावलं टाकत मागे सरली. सकाळी डाग होताच. त्या दिवशी मॅडमनी फक्त मान हलवली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "शनिवारी शेवटची तपासणी. त्या दिवशी डाग दिसला तर मला निकिताचं नाव द्यावं लागेल. मला वाईट वाटेल, पण द्यावं लागेल."

त्या वेळी माहेनूरने निकिताकडे बघितलं. निकिता खाली बघत होती. माहेनूरच्या मनात तिथेच पहिली पाल चुकचुकली. खाली का बघतेय ही?

त्या दिवशी रिक्षाची वाट बघताना तिने विचारलं, "आपा, डाग आतून असतो की बाहेरून?"

"बाहेरून. हॉलच्या बाजूने."

"तुला कसं कळलं?"

खुशनुमा वैतागलेली होती, पण शिकवायला तिला आवडायचं. तिने पाण्याची बाटली धरली. "ह्या लेबलवरच्या अक्षरावर पलीकडून, पाण्यातून बोट ठेव. आता डोकं इकडून तिकडे हलव. बोट आणि अक्षर एकमेकांपासून सरकतात ना? म्हणजे दोन्ही एका पृष्ठभागावर नाहीत. अक्षराच्या बाजूनेच बोट ठेवलंस, तर सरकत नाही. काचेचंही तसंच, आतून बोट ठेवलं की डाग सरकतो. जाड काच आहे ती."

(घरी कुठल्याही जाड काचेवर करून बघा. चष्म्यावर नको, आजोबा ओरडतील.)

"मग बाहेरून कुणीतरी लावतं," माहेनूर म्हणाली.

"बाहेरची बाजूही माझीच आहे, माहे. जहाजावर ती दुसरी माणसं करतात, इथे आपण थोडेच आहोत म्हणून दोन्ही एकीनेच करायच्या. डाग कुठल्या का बाजूला असेना, माझाच."

"पण तू नाही लावलास."

"ते मला माहीत आहे. मॅडमना कसं माहीत असणार?"

मग माहेनूरने आपणच शोध लावायचं ठरवलं. हॉलच्या कोपऱ्यात चित्रकलेची वही मांडीवर घेऊन ती बसे आणि वहीच्या वरून बघे. काचेच्या बाजूलाच हात धुवायचं बेसिन होतं, त्यामुळे तिथे येणारे कमी नव्हते. पाण्याचे जार घेऊन येणारा सोमनाथ तिथे थांबायचा, घाम पुसायचा. तिला वाटलं, हाच. पण सोमनाथ सकाळी तपासणीनंतर यायचा, संध्याकाळी त्याचा पत्ता नसायचा. तो सुटला. एक मुलगा काचेत बघून केस सारखे करायचा, पण तो सगळ्यांच्या आधी घरी जायचा. तोही सुटला.

राहिली निकिता. निकिता संध्याकाळी मुद्दाम रेंगाळायची. सगळे निघाले की ती बेसिनपाशी जायची, आणि माहेनूर व खुशनुमा जिना उतरायच्या तेव्हाही ती वरच असायची. शिवाय नाव कुणाचं जाणार होतं, खुशनुमाचं नाही गेलं तर? निकिताचंच ना?

एकदा असं ठरवल्यावर निकिताचं सगळंच माहेनूरला वाकडं दिसू लागलं. ती हसली तर लबाडीने हसली, गप्प बसली तर काहीतरी लपवत होती. दुपारी निकिताने तिला प्लॅस्टिकच्या नळीतली गार पेप्सी आणून दिली.

"घे गं चिमणे, काला खट्टा आहे."

"नको मला."

"का? कालपर्यंत तर मागून घेत होतीस."

"घसा दुखतोय."

"बघू जीभ," निकिता म्हणाली आणि स्वतःची जांभळी जीभ बाहेर काढून दाखवली. माहेनूरला हसू येत होतं, पण तिने ते दाबलं. शत्रूची पेप्सी कशी खायची?

शुक्रवारी मुलांना सुट्टी होती. संध्याकाळी फक्त खुशनुमा, निकिता आणि मॅडम शेवटच्या तयारीला येणार होत्या. सकाळ रिकामी होती, म्हणून माहेनूर वर्गातल्या मैत्रिणीकडे, पूजाकडे, खेळायला गेली. दोघी पत्ते कुटत पलंगावर बसल्या होत्या. पूजाची आई, सगुणाबाई, अंघोळीला निघाली होती. जाता जाता कपाटाच्या आरशासमोर थांबली, कपाळावरची टिकली काढली, आरशाच्या कडेला चिकटवली आणि टॉवेल घेऊन गेली. माहेनूरचे पत्ते हातातच राहिले.

आरशाच्या कडेला टिकल्यांची ओळच होती. लाल, मरून, एक हिरवी. आणि मध्येच दोन ठिकाणी टिकली नव्हती, पण टिकलीची जागा होती. गोल, फिकट, करंगळीच्या नखाएवढी.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"कुठे काय? टिकलीचा गोंद. टिकली काढली की गोंद राहतो, मग त्याच्यावर धूळ बसते. आईला पप्पा रोज बोलतात, आरसा आहे का पाटी." पूजाने पान टाकलं. "तुझी उतारी आहे."

माहेनूरने उठून त्या डागावर नख फिरवलं. चिकट. पाण्याचं बोट फिरवलं, तर तो गेल्यासारखा वाटला, आणि वाळल्यावर परत तिथेच. माहेनूरच्या घरी टिकली कुणी लावत नाही, अम्मी नाही, आपा नाही. आरशावर टिकली ठेवायची असते, हे त्या घरात कुणाला सुचणारच कसं? आपाने आठवडाभर तो डाग डोळ्यांसमोर धरला आणि तिला तो ओळखू आला नाही.

आता माहेनूरला खात्री पटली. निकिता टिकली लावते. वर्गात गणवेशावर टिकली चालत नाही, म्हणून घरी जाताना ती लावते. म्हणजे तीच.

एक गोष्ट मात्र तिच्या डोळ्यांसमोर असून तिने मनावर घेतली नाही. काचेवरचा डाग चांगलाच उंच होता. निकिता बुटकी. आरशात बघून टिकली काढणारी बाई ती आपल्या डोळ्यांसमोर चिकटवते, डोक्याच्या वर हात करून नाही. संशय मनात शिरला की असंच होतं बघा. पटणारं तेवढं आपण उचलतो, न पटणारं तिथेच पडू देतो.

संध्याकाळी खुशनुमाने काच पुसली. त्या दिवशी तर तिने श्वासही तिकडे सोडला नाही. दिवा बंद केला, दार ओढलं, मॅडमना सांगितलं आणि माहेनूरला घेऊन जिना उतरली.

खाली आल्यावर माहेनूर म्हणाली, "आपा, माझी बाटली वर राहिली."

"जा पळ. मी उसाच्या रसवाल्यापाशी थांबते."

बाटली वर राहिली नव्हती, ती तिने मुद्दाम ठेवली होती. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मॅडम ऑफिसात फोनवर बोलत होत्या, निकिता मागच्या खोलीत गणवेश बदलत होती. माहेनूर हळूच केबिनच्या दारातून आत शिरली आणि दार ओढून घेतलं. कुलूप लागलं की ते दार बाहेरून किल्लीनेच उघडतं, पण आतून नुसती मूठ फिरवली की पुरे. तेवढं तिने आधीच बघून ठेवलं होतं. ती पलंगाच्या पायथ्याशी, काचेलगत जमिनीवर बसली. ताणलेल्या चादरीला धक्का लावायची तिची हिंमत नव्हती.

आत अंधार होता. आणि अंधारातून बाहेरचा हॉल असा दिसत होता, जशी सिनेमाची पडदाभर चौकट. एकेक दिवा, थर्माकोलचं दागिन्यांचं दुकान, बेसिनचा नळ. आतून सगळं दिसत होतं. बाहेरच्याला मात्र अंधाऱ्या काचेत स्वतःशिवाय काही दिसणार नव्हतं. रात्री घरात दिवा लावला की खिडकीच्या काचेत आपणच दिसतो ना, तसं. बेसिनवर पूर्वी आरसा होता, पण तो काढून केबिनच्या न्हाणीघरात बसवला होता. मग हॉलमधल्या माणसांनी दुसरं काय करावं? ज्याला तोंड बघायचं असेल तो या काचेसमोर यायचा.

आधी आली निकिता.

निकिता काचेच्या इतकी जवळ आली, की दोघींमध्ये जेमतेम हातभर अंतर राहिलं. तिने पर्समधून टिकलीचं पाकीट काढलं, एक टिकली सोडवली आणि कपाळावर दाबली. काचेला बोटसुद्धा लागलं नाही. मग ती ताठ उभी राहिली आणि हसली, आणि इंग्रजीत म्हणाली, प्रवाशाला म्हणतात तसं, सुप्रभात, मी आत येऊ का. मध्येच अडखळली. पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. पुन्हा अडखळली. चार वेळा म्हणून झाल्यावर तिने ओढणीने डोळे टिपले, इकडेतिकडे बघितलं आणि निघून गेली.

याकरता रेंगाळत होती ती. माहेनूरच्या कानशिलांना गरम वाटलं. चोर पकडायला बसलेलीच चोर असल्यासारखी तिची अवस्था झाली. कुणाचं असं खासगी रडू आपण बघायचं नसतं, आणि तिने तर तिकीट काढल्यासारखं बसून बघितलं होतं.

ती उठणार, एवढ्यात मनीषा मॅडम आल्या. त्यांनी केबिनच्या दाराला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि बेसिनपाशी येऊन साडीचा पदर कमरेला खोचला. मॅडम चांगल्या उंच होत्या. त्या काचेकडे वळल्या, आणि त्यांनी थेट माहेनूरच्या डोळ्यांत बघितलं.

म्हणजे माहेनूरला तसं वाटलं. मॅडम स्वतःला बघत होत्या. मॅडमचे डोळे लाल झाले होते, गाल उन्हाने रापलेले. त्यांनी नखाने कपाळावरची मरून टिकली उचलली आणि न बघता, जशी आपण दाराला कडी घालतो, तितक्या सहज ती काचेवर चिकटवली. मग वाकून तोंडावर पाण्याचे हबके मारले. टिपलं. काचेवरची टिकली काढून परत कपाळावर लावली, नीट मध्यावर आली ना ते बघितलं, आणि पर्स आणायला ऑफिसात गेल्या.

काचेवर, खूप उंच, एक गोल जागा राहिली.

माहेनूर मूठ फिरवून बाहेर आली, दार ओढून घेतलं, बाटली उचलली आणि जिना उतरली.

रिक्षात तिने सगळं सांगितलं. खुशनुमाने रिक्षावाल्याकडे बघून आवाज खाली आणला.

"कुणाला बोलायचं नाही हे," ती म्हणाली.

"का? मॅडमचाच डाग आहे. तुझं नाव त्यांच्या टिकलीमुळे जाईल."

"मग मी उद्या सगळ्यांसमोर काय म्हणू? मॅडम, डाग तुमचाच आहे?"

"हो."

"वेडी आहेस. सर पण येणार आहेत उद्या."

"मॅडम चिडतील?"

"चिडल्या तर बरं. त्या लाजतील, माहे. त्यांनी मला एवढं शिकवलं, आणि मी त्यांना सगळ्यांपुढे मान खाली घालायला लावू?"

"मग उद्या लवकर जाऊन मी पुसते."

"तपासणीच्या आधी काचेला हात लावायचा नाही, असा नियम आहे. आणि आजचा पुसलास, तर आधीचे कुणाचे म्हणायचे? ते माझेच राहणार." खुशनुमाने तिच्या डोक्यावर टपली मारली. "आणि चोरासारखी आत बसलीस, ते अम्मीला कळलं तर तुझं काय होईल, ते बघ आधी."

शनिवारी सकाळी दोघी पोहोचल्या, तेव्हा हॉलमध्ये मुलं रांगेत उभी होती. निकिताही होती. माहेनूरने जाता जाता तिच्या हाताला हात लावला.

"काय गं चिमणे, घसा बरा झाला?"

"झाला," माहेनूर म्हणाली. एवढंच तिला जमलं.

दिनेश सर यायचे होते. मॅडम ऑफिसात टॉर्चचे सेल बदलत होत्या. माहेनूर दारात जाऊन उभी राहिली.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही नेहमी म्हणता, प्रवाशाला काय दिसतं ते बघा. तुम्ही कधी केबिनमध्ये दिवा बंद करून बसलात?"

मॅडमनी टॉर्चचं झाकण लावलं. "दिवा बंद करून? नाही. अंधारात तपासणी कशी करणार?"

"तपासणी नाही. नुसतं बसायचं. प्रवासी बसतात तसं. सर यायच्या आत."

"कशाकरता?"

माहेनूरला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायचं धाडस नव्हतं. "मला दाखवायचंय काहीतरी," ती म्हणाली. "फक्त तुम्हाला."

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं. मूल थट्टा करतंय की काय, हे शिक्षकाला डोळ्यांवरून कळतं. मग त्यांनी किल्ली घेतली, केबिनचं दार उघडलं, आत जाऊन टेबलाजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बसले. लवकर कर."

माहेनूरने आतला दिवा लावू दिला नाही. दार ओढून घेतलं. मग ती बेसिनपाशी आली. रांगेतली मुलं बघत होती. खुशनुमा तर पांढरी पडली होती, पण तिला जागचं हलता येईना.

माहेनूरच्या खिशात सकाळीच पूजाकडून मागून आणलेली एक लाल टिकली होती. शाळेच्या नाटकात ती मागच्या वर्षी शेतकऱ्याची बायको झाली होती, तेव्हा अम्मीनेच तिला टिकली लावून दिली होती, त्यामुळे आज त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलं नाही. तिने ती कपाळावर लावली आणि काचेकडे तोंड केलं. काचेत फक्त ती होती. आत मॅडम काय करताहेत, हसताहेत की उठताहेत, काही दिसत नव्हतं. तिने पदर खोचल्यासारखं केलं. नखाने टिकली उचलली. टाचा उंच केल्या, हात जेवढा पोहोचेल तेवढा वर नेला, आणि टिकली कालच्या गोल जागेच्या जवळात जवळ चिकटवली. मग वाकली आणि तोंडावर पाणी मारलं.

नळ बंद करून ती वर बघते तो केबिनमधला दिवा लागला होता. काच आता आरसा राहिली नव्हती. पलीकडे मॅडम उभ्या होत्या, आणि त्यांचा हात आपल्या कपाळाकडे गेला होता. टिकलीला बोट लावून त्या तशाच थांबल्या होत्या. मग त्यांनी टॉर्च उचलला, काचेला टेकवून तिरपा धरला, आणि लाल टिकलीच्या शेजारी तो फिकट गोल चमकला.

रांगेतल्या कुणाला काही कळलं नाही. लहान मुलगी काहीतरी खेळ करतेय, एवढंच त्यांना वाटलं. जिन्यात दिनेश सरांच्या चपलांचा आवाज आला.

दार उघडून मॅडम बाहेर आल्या. चेहरा लाल झाला होता, पण आवाज नेहमीचाच.

"खुशनुमा," त्या म्हणाल्या, "आजचा डाग तुझा नाही. आठवडाभराचेही नव्हते. कुणाचे होते ते मला समजलंय, आणि त्या बाईला मी समज देते."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मॅडम वरपर्यंत आलेल्या सरांकडे वळल्या. "सर, नाव खुशनुमाचं लिहा. आणि पुढच्या जहाजाला निकिताचं आत्ताच धरून ठेवा, विसरायला नको. बेसिनवर आरसा लावायला माणूसही बोलवायचाय."

मग त्या माहेनूरसमोर आल्या आणि, बाकी कुणाला दिसणार नाही असा, त्यांनी हात पुढे केला. शेकहँडसाठी की काही मागायला, तिला कळेना.

माहेनूरने क्षणभर विचार केला. मग बेसिनच्या कडेवरचा काच पुसायचा मऊ कपडा उचलला, दुमडून त्याची घडी नीट केली, आणि मॅडमच्या हातात दिला.